तक्ता क्र. २७ : शाळा सोडण्याची कारणे

७ मार्च २००५, सोमवार

सकाळच्या बॅचला चार पोरी. टाइपरायटर अकरा. उरलेल्या सातांवर कव्हर घालून ठेवलंय, निदान त्यांना तरी लाज वाटायला नको. दुपारी कोर्टाचे दोन अर्ज, एक प्रतिज्ञापत्र, पोलीस स्टेशनला द्यायची एक तक्रार. नेहमीचंच.

चारला कॉलेजचे राठोड सर आले. (पुढं नुसतं रा. लिहीन.) बगलेत फाइल, खिशात फ्लॉपी. पीएच.डी.चा प्रबंध, मराठीतून. विषय सेनगाव तालुक्यातल्या तांड्यांवरच्या आणि मेंढपाळ वस्त्यांवरच्या मुलींचं शिक्षण. हातानं लिहिलेला मजकूर मी टाइप करायचा. तक्ते मात्र टाइप करायचे नाहीत. ते परभणीला आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधून काढून आणलेत. फ्लॉपीतून उचलायचे आणि वर्डमध्ये ठेवायचे, म्हणाले. उचलायचे आणि ठेवायचे, जणू कपबशी.

विद्यापीठात द्यायची तारीख १५ एप्रिल. ही तिसरी मुदतवाढ, चौथी मिळत नाही. चुकली तर आठ वर्षांचं काम पाण्यात.

मी म्हटलं, होऊन जाईल. आयुष्यात एकही प्रबंध केलेला नाही. पण हिंगोलीत मोठं काम निघालं की जो तो नांदेड गाठतो, हा माणूस माझ्या पायरीवर आला. नाही कशी म्हणू?

८ मार्च, मंगळवार

फ्लॉपीतली फाइल उघडत नाही. दोनदा क्लिक केलं की कॉम्प्युटर मलाच विचारतो, कशानं उघडू? मला माहीत असतं तर तुला विचारलं असतं का, बाबा.

शेवटी कळलं. ज्या सॉफ्टवेअरनं तक्ते काढले ते ज्याच्याकडं आहे त्याच्याकडंच ही फाइल उघडते. आमचे हे वीज मंडळात लाइनमन, त्यांना जेवताना सांगितलं. म्हणाले, "मीटरच न्हाई त्या घरात, तर लाइट कुठून येईन?" बरोबर बोलले, म्हणून जास्तच राग आला.

रा. उद्या परत परभणीला. तिथल्या माणसाला 'साध्या मजकुरात काढून द्या' म्हणायचं. हे वाक्य मी त्यांना चिठ्ठीवर लिहून दिलं, डॉक्टर औषध लिहून देतात तसं.

११ मार्च, शुक्रवार

रा. आले, फ्लॉपी उघडली. एकसष्ट तक्ते, सगळे इंग्रजीत.

पहिला तक्ता वर्डमध्ये टाकला आणि सगळा ओघळला. त्यात रेघा नाहीतच. रकाने नुसत्या मोकळ्या जागा सोडून उभे केलेले. अक्षर बदललं की जागा बदलते, आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतो.

मग मजकुराचा तक्ता करायची सोय असते ती वापरली. त्याला सांगितलं, जिथं मोकळी जागा तिथं नवा रकाना. त्यानं इमानदारीनं ऐकलं. 'Std. Error of Mean' चे चार रकाने केले. 'Not going to school' चे चार. पानाबाहेर तक्ता गेला, त्याच्या मागं मी.

रा. शेजारी बसून प्रत्येक वेळी, "आता जमून राहिलं ना ताई?" शेवटी त्यांना म्हटलं, सर, तुमी जरा बाहेर चहा घेऊन या. दोन घेतले तरी चालतील.

१२ मार्च, शनिवार

लोडशेडिंग (लोशे) सकाळी सहा ते साडेनऊ, दुपारी परत. मधल्या वेळेत पाच तक्ते बसवले. युक्ती सापडली. दोन किंवा जास्त मोकळ्या जागा दिसल्या की तिथं टॅब, एकच असेल तर हात लावायचा नाही. शब्द शाबूत राहतात, रकाने वेगळे होतात. फार आनंद झाला. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून चौथ्या मशीनवरच्या पोरीला सांगितलं. तिनं "छान" म्हणून 'कमल नमन कर' चा टायपिंगचा धडा सुरूच ठेवला.

१४ मार्च, सोमवार

आज हसून पोट दुखलं.

तक्त्यांना मराठी फॉन्ट दिला. रा. तपासायला बसले, मोठ्यानं वाचायची सवय. "कुटुंबातील सरासरी मुली, दोन ण् चार." थांबले. परत वाचलं. "दोन ण् चार. प्रमाण विचलन, शून्य ण् नऊ एक." माझ्याकडं बघितलं. "ताई, हे काय होऊन राहिलं?"

झालं असं की आपल्या मराठी कीबोर्डवर अर्ध्या ण ची कळ तीच इंग्रजी टिंबाची. इंग्रजीतलं २.४ मराठी फॉन्टमध्ये आणलं की टिंबाचा अर्धा ण होतो. एकसष्ट तक्त्यांत, प्रत्येक दशांशाला, ण्.

रा. म्हणाले, मार्गदर्शकांना हे वाचून दाखवलं तर ते म्हणतील राठोडचं नाक चोंदलंय. मार्गदर्शक म्हणजे विद्यापीठातले त्यांचे मोठे सर, रा. त्यांना फार घाबरतात. मला वाटतं ते सर चांगले असावेत. इतकं घाबरून रा. इतकं हसू शकले नसते.

१६ मार्च, बुधवार

लिहायला हात होत नाही. माझी चूक. पूर्ण माझी.

टिंबं एकेक दुरुस्त करायला नको म्हणून 'शोधा आणि बदला' लावलं. जिथं हे चिन्ह असेल तिथं फॉन्ट इंग्रजी. सगळ्या फाइलला एकदम. मशीननं सांगितलं, सहा हजारांवर जागी बदललं. मला वाटलं, काय वेग आहे! फाइल जपून ठेवली आणि बंद केली. सुगरण!

दुपारी लोशे संपल्यावर उघडली. प्रबंधाचं नाव: 'मुलींचे शिक्ष.ा'.

'ण' मध्येही तीच कळ असते ना. अर्धा ण, पुढं काना. अर्ध्या ण चं टिंब झालं, काना उभा राहिला. शिक्षणावरचा प्रबंध, एकाही शिक्षणाला ण नाही. प्रमा.ा. कार.ा. आणि प्रत्येक ओळीत दोनदा येणारं 'आणि', त्याचं तर 'आि.ा'. दीडशे पानं.

रा.ना फोन केला नाही. घरी पिठलं खारट झालं.

१७ मार्च, गुरुवार

पहाटे चूल पेटवतानाच डोक्यात आलं. टिंबाच्या पुढं काय आहे ते बघायचं! पुढं आकडा असेल तर तो दशांश. पुढं काना असेल तर तो ण. कीबोर्डवर वीस वर्षं पोरींना शिकवतेय, ण दोन ठोक्यात निघतो, अर्धा आणि काना. मग शोधताना दोन्ही ठोके एकत्र शोधायचे.

नऊ चाळीसला लाइट आली. नऊ बेचाळीसला सगळे ण जागेवर. 'पुण्य', 'अरण्य' असले जोडाक्षरवाले काही राहिले, ते हातानं. नंतर रा.ना सगळं सांगितलं. ते इतके पांढरे पडले की मी सांगताना शेवट आधी सांगायला हवा होता.

टाइपरायटरच्या कव्हरांवर आज फडकं मारलं. बिचारे कामाला आले.

२१ मार्च, सोमवार

तेवीस तक्ते झाले. आज रा.नी '.000' बद्दल शिकवलं. एखादा फरक निव्वळ योगायोगानं पडला असण्याची शक्यता किती, तिथं सॉफ्टवेअर तीन शून्यं छापतं, पण लिहायचं '०.००१ पेक्षा कमी'. म्हटलं, डोळ्यांना तीन शून्यं दिसतात आणि शून्य म्हणायचं नाही? म्हणाले, न्हाई, काहीतरी असतंच, फार बारीक, म्हणून दिसत न्हाई. मी कोर्टाची कामं करणारी बाई. तिथं असं चालत नाही. पण लिहिलं.

२३ मार्च, बुधवार

रा. कॉलेजच्या परीक्षेत अडकलेत. म्हणाले, तक्त्यांतल्या इंग्रजी शब्दांना तुमीच मराठी शब्द घाला, मी नंतर बघतो. बरं वाटलं. माझ्यावर शब्द सोडणारे लोक कमी. आकडा सोडतात, शब्द नाही.

२४ मार्च, गुरुवार

रा. तपासायला आले आणि पुन्हा मोठ्यानं वाचू लागले. तक्ता क्र. २७, शाळा सोडण्याची कारणे. 'Cases' ला मी घातलं होतं 'खटले'. 'Valid' ला 'कायदेशीर'. रा. म्हणाले, "एकूण खटले एकशे अठरा, कायदेशीर एकशे नऊ," आणि तोंड दाबून हसायला लागले. पुढची ओळ वाचली आणि हसणं थांबलं.

'मुली बेपत्ता : ९.'

"ताई, असं छापलं तर पोलीस येतील ना."

मी म्हटलं, 'Missing' लिहिलंय, मी रोज तक्रारी टाइप करते, तिथं हाच शब्द असतो. मग त्यांनी सांगितलं. तसं नसतं. त्या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडून मिळालं नाही, त्यांना सॉफ्टवेअर बाजूला काढतं. 'अप्राप्त' लिहा. लिहिलं. 'खटले' चं 'नोंदी' केलं, 'कायदेशीर' चं 'ग्राह्य'.

पण जाताना पायरीवर त्यांना विचारलंच. "अप्राप्त म्हणजे त्यांच्या आयांना तुमी विचारलंच न्हाई का?"

"विचारलं तर. मी स्वतः गेलो होतो."

"मग त्या काहीच बोलल्या न्हाईत?"

रा.नी फाइल बगलेत मारली. "बोलल्या असतील काहीतरी," म्हणाले. मला ते आवडलं नाही.

२६ मार्च, शनिवार

धूळवड. हे रंगून आले, खांबावर चढायची लाइनमनची टोपीसुद्धा गुलाबी. तीही धुवायला माझ्याकडं. काम बंद. नऊ डोक्यात.

२८ मार्च, सोमवार

रा.ना म्हटलं, त्या प्रश्नावल्या आणा. म्हणाले, पोतं आहे. म्हटलं, पोतं आणा.

आणलं. स्कूटरवर पुढं पोतं, मागं ते. प्रश्न चौदावा: 'मुलीने शाळा का सोडली?' खाली सहा चौकटी: गरिबी, लग्न, घरकाम, शाळा लांब, नापास, इतर. पहिल्या एकशे नऊ जणींच्या कागदावर चौकटीत खूण. नऊ कागदांवर एकही खूण नाही, समासात पेननं ९९ लिहिलेलं. ९९ म्हणजे उत्तर नाही. सॉफ्टवेअरला सांगून ठेवलेलं असतं की ९९ दिसलं की वगळ.

पण त्या नऊच्या नऊ कागदांवर ९९ च्या वर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. रा.चंच अक्षर. पाहणी याच हिवाळ्यातली, पण एवढ्या कागदांत ते स्वतःच विसरले होते. आम्ही दोघं दारात उजेडाला उभं राहून वाचलं.

साखऱ्याच्या शिवारातली वस्ती. "सोडली न्हाई. मेंढरामागं गेली हाय." दुसरा: "मेंढरं खाली गेली, ती बी गेली. मिरगाला येती." तिसरा: "काहून सोडन? तिचं दप्तर घरात हाय." सगळे त्याच वस्तीवरचे, सगळ्यांचं थोड्याफार फरकानं तेच.

मिरग म्हणजे जूनचा पहिला आठवडा. दिवाळीनंतर कळप चाऱ्यासाठी बाहेर पडतात, मिरगाला परततात. पोरीही परततात. शाळा सोडलेलीच नाही. 'का सोडली' विचारल्यावर त्या बाया बरोबर उत्तर देऊन राहिल्या होत्या, चौकटीच चुकीच्या होत्या.

रा. खाली बसले, पोत्यावरच. "मीच टाकले हो ९९," म्हणाले.

३० मार्च, बुधवार

हिशोब असा. त्या नऊ जणी 'शाळा सोडलेल्या' मध्ये धरता येत नाहीत. 'शाळेत जाणाऱ्या' मध्येही नाही, पाहणी झाली तेव्हा त्या वर्गात नव्हत्या. तिसरा गट हवा. मग नुसता २७ नाही, जिथं जिथं 'सोडलेल्या' आहे तिथं सगळं बदलणार. चौदा तक्ते. परत परभणी, परत फ्लॉपी, परत टॅब, परत ण्. दिवस उरले सोळा, त्यात लोशे.

रा. म्हणाले, राहू द्या ताई, 'अप्राप्त' लिहिलं तर कोणी विचारत न्हाई. सगळ्या प्रबंधात असतं.

खरंय, कुणी विचारणार नाही. नऊ तर आहेत. आणि तारीख चुकली तर रा.ची नोकरी नाही बुडणार, पण आठ वर्षं बुडतील. मी टाइप करणारी बाई, मी काय सांगणार? पण २७ च्या पानाची प्रिंट काढली नाही. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

२ एप्रिल, शनिवार

रा.ची आई आली दुकानात. बाजाराला आली होती, मुलगा कुठं दिवसभर बसतो ते बघायला आली. तांड्यावरची, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. रा. तिला याडी म्हणतात, म्हणून मीही म्हटलं, याडी बसा. खुर्ची नको म्हणाली, उंबऱ्यात बसली. स्क्रीनकडं बघून विचारलं, "येच्यात माजं नाव कुटं हाय?" ऋणनिर्देशाचं पान काढून दाखवलं. मी नावावर बोट ठेवलं. तिनं काचेवर बोट ठेवून पुसून बघितलं, जातंय का म्हणून.

मग काय लिहून राहिलात विचारलं. रा.च्या आधी मीच सांगितलं नऊ पोरींचं. ती एकदम म्हणाली, "हा बी तसाच की!"

दिवाळी झाली की ही कुटुंबं ऊस तोडायला कारखान्यावर जायची. पाच महिने. रा.ही जायचे, कोयत्याच्या टोळीबरोबर. परत आले की शाळेत जाऊन बसायचे. "गुरुजीनं याचं नाव कमी केलं न्हाई. दर साली म्हनायचे, येऊन राहिलाय, येईन. आन हा यायचाच." एवढं सांगून ती भाजी घ्यायला निघून गेली. जाताना माझ्या टेबलावर चार मुठी शेंगा ठेवून गेली.

रा. खिडकीकडं तोंड करून बसले होते. वळून म्हणाले, "ताई, परभणीची पहिली बस कितीची हाय?"

मला रडू आलं, खरं सांगते. शेंगा सोलायला घेतल्या.

६ एप्रिल, बुधवार

रा. परभणीहून चौदा नवे तक्ते घेऊन आले. तिथल्या माणसानं विचारलं म्हणे, तिसऱ्या गटाचं नाव काय ठेवू? सॉफ्टवेअरला आठच अक्षरं चालतात. रा.नी बराच विचार करून सांगितलं, 'YENAR'. तो म्हणाला, हे इंग्रजी आहे का?

सगळ्या तक्त्यांत आता एक ओळ YENAR. मी मराठीत लिहिलं, 'परत येणार'.

७ एप्रिल, गुरुवार

मार्गदर्शक सरांचा फोन, दुकानाच्या नंबरवर. रा. उभं राहून बोलले. मला इकडची बाजू ऐकू येत होती. "होय सर. न्हाई सर. सर, त्या सोडलेल्या न्हाईत सर. होय सर, भविष्यकाळ आहे. होय, आकडेवारीत भविष्यकाळ नसतो, सर." मग, "सर, माझं पण नाव तसंच राहिलं होतं हजेरीत."

फोन ठेवल्यावर म्हणाले, सर सही करतील. पण म्हणाले, तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक हेच विचारणार. 'परत येणार' हे तुम्ही कशावरून लिहिलं? परत आल्या का? पुरावा घेऊन ये, न्हाईतर मी तुला वाचवणार न्हाई.

परीक्षा कधी? जूननंतर कधीही.

८ एप्रिल, शुक्रवार

नवीन तक्त्यात सगळ्या गटांची टक्केवारी मिळवली तर बेरीज ९९.९ येते. सॉफ्टवेअर खाली बिनधास्त १०० छापतं. रा. म्हणाले, दशांश जवळच्या आकड्याला नेले की असं होतं, राहू द्या. मी म्हटलं, नऊ जणींना आत्ताच आत आणलंय, आता हे शून्य दशांश एक कुठं पाठवता? अर्धा तास वाद. शेवटी तक्त्याखाली टीप टाकली. ती टीप मी लिहिलीय, स्वतःच्या शब्दांत. रा.नी एकही शब्द बदलला नाही!

९ एप्रिल, शनिवार

पाडवा. गुढी उभी केली. ह्यांनी श्रीखंड खाऊन विचारलं, "तुजं पीएच.डी. कवर आलं?" म्हटलं, माझं नाही, सरांचं. म्हणाले, "घरात तर तूच बोलून राहिलीस."

तरी दुपारी उठून सांगून गेले, तुज्या गल्लीची लाइन मंगळवारी दुरुस्तीला घेणार होते, ती शुक्रवारनंतर ढकलली. नियमानं, म्हणाले. यादीत जागा होती. विचारलं, माझ्यासाठी? म्हणाले, "ट्रान्सफॉर्मरसाठी." बरं.

तक्ता २७ आज पूर्ण नवा केला. तो परभणीहून आलेला घेतलाच नाही. त्यात आता नुसती सोडण्याची कारणं, एकशे नऊ. खाली जाड रेघ, आणि रेघेखाली नऊ जणींच्या आयांची वाक्यं, जशीच्या तशी, अवतरणचिन्हांत. कुठल्याही सॉफ्टवेअरमधून हे निघत नाही. चाळीस शब्द मिनिटाचा वेग असलेली बाई, मी आज तासाभरात जेमतेम नऊ वाक्यं टाइप केली.

१३ एप्रिल, बुधवार

प्रिंट. पाच प्रती. तीन वेळा कागद अडकला. पान एकशे बारावर तक्ता दोन पानांत तुटत होता, एक ओळ एकटीच पुढच्या पानावर जाऊन बसलेली. 'परत येणार' चीच. अक्षर एक पॉइंटनं लहान केलं, आली मागं.

१५ एप्रिल, शुक्रवार

रा. पहाटेच्या गाडीनं गेले. दुपारी तीनला फोन. "जमा झालं ताई. पोच मिळाली." म्हटलं, पोच जपून ठेवा.

संध्याकाळी सातही टाइपरायटर उघडून एकेका मशीनवर एक ओळ टाइप केली. काय टाइप केलं ते इथं लिहीत नाही.

५ मे, गुरुवार

भूगोलाचे एक सर आले, प्रबंध घेऊन. इंग्रजीतून आहे. म्हणाले, राठोडांनी सांगितलं तुमच्याकडं ण सुद्धा परत मिळतो. आणखी दोघांची चौकशी आलीय. सकाळच्या बॅचच्या पोरींना आता दुपारी कॉम्प्युटरवर बसवणार आहे, टॅब कुठं द्यायचा ते शिकवायला.

९ जून, गुरुवार

हे कामावरून आले, म्हणाले कनेरगाव नाक्याजवळ मेंढरांनी रस्ता अडवलेला, पाऊण तास गाडी उभी. कुठल्या गावची विचारलं का, म्हटलं. "मेंढरांना?" म्हणाले. मग स्वतःच हसून सांगितलं, विचारलं. साखऱ्याकडची आहेत.

लगेच रा.ना फोन. ते म्हणाले, शाळा तेराला उघडते.

तोंडी परीक्षेचं पत्र अजून नाही.

१६ जून, गुरुवार

रा. आणि मी साखऱ्याला. पहिल्यांदाच गेले. ज्यांची वाक्यं टाइप केली, ते गाव एकदा बघावं म्हणून.

हेडमास्तर वयस्कर, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. रा.नी नऊ नावं दिली. त्यांनी हजेरी काढली आणि बोट लावत गेले. नऊही नावं होती. म्हणाले, "मी कमी केली न्हाईत. वरून तपासणीला आले की रागावतात. आता बघा, शाळा उघडून चार दिवस झाले. तिघी येऊन बसल्या. बाकीच्या वाटेत असतील. एकाची मेंढी व्याली, थांबले म्हणे मागं."

रा. वहीत लिहीत होते, खोडून परत लिहीत होते, मधेच हेडमास्तरांना म्हणाले, "सर, पुरावा म्हणून ह्याची नक्कल मिळेल ना?" मी म्हटलं, मी लिहून घेते, सर, तुमचं अक्षर आज कुणाला लागायचं नाही.

मग वर्गात नेलं. तिघींपैकी मोठी, सातवीतली, पाय अजून धुळीनं पांढरे. रा. तिच्यापुढं उकिडवे बसले. पन्नास जणांसमोर व्याख्यान देणारा माणूस, आधी नाव विचारलं, मग इयत्ता. शेवटी जे विचारायचं नव्हतं तेच विचारलं. "बाळ, तू शाळा सोडली होतीस ना?"

तिनं आमच्याकडं असं बघितलं की आमचं दोघांचं डोकं ठिकाणावर आहे का.

"कोन म्हनलं?"

हेडमास्तरांनी हजेरी घेतली. नऊपैकी सहा नावांना अजून 'हजर' नाही. येताना बसच्या खिडकीतून मी रस्त्यावर मेंढरं दिसतात का बघत होते, रा. दुसऱ्या बाजूनं.